पिस्ता रंगाची फियाट

प्रेमानंद सोमकुवरांना रंगाबद्दल काही सांगायला जाऊ नये, हे नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मला ते अपमान होऊन कळलं. दहा-बारा वर्षांपूर्वी मी फाटकाला नवा चॉकलेटी रंग दिला आणि शेजारधर्म म्हणून त्यांना दाखवायला बोलावलं. ते दोन पावलं मागे गेले, मान तिरपी केली आणि म्हणाले, "अनंतराव, डावा पल्ला वेगळ्या डब्यातला होय." मला दोन्ही पल्ले सारखेच दिसत होते. पण रंगाऱ्याचं तोंड उतरलं, त्या अर्थी ते खरं होतं. पुढे पाच वर्षं त्या फाटकातून आत जाताना मला डावा पल्ला खटकत राहिला. आपल्याला न दिसणारी गोष्ट दुसऱ्याने दाखवली की असा ताप होतो.

मी भूगोलाचा मास्तर. नकाशातला समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी, एवढंच माझं रंगज्ञान. सोमकुवरांनी मात्र सदतीस वर्षं उमरेड रोडवरच्या नत्थूजींच्या गॅरेजात गाड्या रंगवल्या. गाडीचं दार ठोकलं की ते सरळ करणारे पुष्कळ असतात. पण त्या दाराचा रंग उरलेल्या गाडीशी असा मिळवायचा, की ठोकलेलं दार कोणतं ते मालकालाही सांगता येऊ नये, हे काम शहरात मोजक्या लोकांना जमायचं. कंपनीचा डबा तिथे उपयोगाचा नसतो, कारण आठ उन्हाळे खाल्लेल्या गाडीचा रंग डब्यातल्या रंगाशी जुळत नाही. तो डोळ्याने मिळवावा लागतो. सोमकुवर पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावून तो उन्हात गाडीजवळ धरायचे, आत येऊन दोन थेंब पिवळा टाकायचे, पुन्हा बाहेर जायचे. नत्थूजी गिऱ्हाइकांना सांगायचे, "प्रेमानंदले घाई करू नका. त्याचा डोळा पाहून राहिला."

त्यांच्या घरात असा आणखी एक डोळा होता. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई महाल भागातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होत्या. साडीच्या खालच्या काठाला आतून जी पट्टी लावतात, तो फॉल, आणि ब्लाऊजचं कापड, एवढ्या दोनच गोष्टी त्या दुकानात मिळायच्या. पण त्या शेकडो रंगांत मिळायच्या. एकदा आमच्या यमुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, मला साडी देऊन तिथे पाठवलं होतं. प्रेमिलाबाईंनी आठ-दहा फॉल काढले आणि साडी उचलून सरळ दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग. "दुकानातला उजेड खोटा राहते, सर," त्या म्हणाल्या. "रंग दारात येऊनच पाहाचा." दुकानाचा मालकही त्यांच्यासमोर बोलत नसे. कुठल्याही बाईला त्या साडी घेऊन फुटपाथवर उभं करायच्या, आणि बाई खूश होऊन जायची.

अशी दोन माणसं एका घरात राहिली तर भांडण कशावरून होणार, हे सांगायला नको. भिंतीचा रंग, पडदा, मेघाचा म्हणजे मुलीचा शाळेचा स्वेटर. "हा मोरपंखी होय." "मोरपंखी कुठचा, हा तर रामा हिरवा." वाद मजेत चालायचा, पण एक गोष्ट ठरलेली होती. सोमकुवर कधी हरायचे नाहीत. खरंच चुकले तरी म्हणायचे, "उजेड बदलला असन." प्रेमिलाबाई हसून यमुनेला सांगायच्या, "ताई, मी मरायच्या आधी यायनं एकदा तरी म्हणावं, प्रेमिला, तूच बरोबर होती. मंग मी सुखानं जाईन." आम्ही सगळे हसायचो. तेव्हा मरण लांब होतं.

सोमकुवर निवृत्त झाले तेव्हा मेघाने बंगळूरहून एक खोका पाठवला. आत प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले शंभरेक बारीक भाग होते. कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडून वीतभर लांबीची मोटार करायची. बापाचा वेळ जावा एवढाच लेकीचा हेतू. बापाने पहिले आठ दिवस खोक्याला हात लावला नाही. "पोट्ट्यायचा खेळ," म्हणाले. नवव्या दिवशी चष्मा लावून बसले ते बसलेच.

मी त्यांच्याकडे जाऊन पाहत असे. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्यावर दिवा, एक छोटा हवेचा पंप आणि पेनएवढी रंगाची गन. पंप घरघरायचा आणि धुक्यासारखा रंग बसायचा. एक थर, मग वाळवण, मग पाण्यात बुडवलेल्या खरखरीत कागदाने घासणं, पुन्हा थर. शेवटी चकाकीचं लॅकर. गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा ते ब्रशच्या एका केसाने काढायचे. इंजिनाच्या वायरी फोनच्या जुन्या चार्जरमधल्या तांब्याच्या तारेच्या. मडगार्डवरचा चिखलही खोटा नाही. प्रेमिलाबाईंचं माहेर भिवापूरचं, तिथली काळी माती मलमलीतून चाळून आणलेली. टायरही थोडे घासायचे, कारण "रस्त्यावर चाललेली गाडी अशी कोरी नाही राहत."

सहा वर्षांत भिंतीवरचं कपाट भरलं. जीप, ट्रक, अँब्युलन्स, एक लाल स्पोर्ट्स गाडी जी नागपुरात कोणी पाहिलेली नाही. गाड्यांत माणसं मात्र एकही नव्हती. मी एकदा विचारलं, "ड्रायव्हर तरी बसवा की." ते म्हणाले, "माणसं मले नाही जमत." मी थट्टा समजून हसलो होतो.

मग प्रेमिलाबाई आजारी पडल्या. पोटाचा आजार होता, आणि डॉक्टरांनी मेघाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. सोमकुवर त्या दिवशी घरी आले आणि टेबलावरची अर्धी झालेली गाडी कपाटात ढकलून त्यांनी नवीन काम काढलं. त्यांना फियाट करायची होती.

ही फियाट साधी नव्हती. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या मे महिन्यात त्यांचं लग्न भिवापूरला झालं. पांढरी साडी, पांढरा सदरा, बुद्धवंदना, पंचशील, आणि दुपारी जेवण. नवरीला नागपूरला न्यायला नत्थूजींनी गॅरेजात आलेली एक फियाट मालकाला विचारून दिली होती. ती नुकतीच सोमकुवरांनी रंगवली होती, आणि तो रंग कुठल्याही डब्यातला नव्हता. मालकाला हिरवी नको, पिवळी नको, पांढरी तर नकोच होती. सोमकुवरांनी चार दिवस खपून एक फिका पिस्ता रंग मिळवला. त्यांच्या नवख्या हाताचा तो पहिला स्वतंत्र रंग. सासऱ्यांनी डिकीत मिरच्यांचं पोतं टाकलं. भिवापूरची मिरची ती, उमरेड येईपर्यंत गाडीतले सगळे शिंकून बेजार झाले. वाटेत चहाला थांबले तर टपरीवरच्या बाया म्हणाल्या, बिचारी नवरी किती रडून राहिली. प्रेमिलाबाई हे सांगताना डोळे पुसून हसायच्या. ती फियाट पुढे कित्येक वर्षं गॅरेजात येत राहिली आणि एक दिवस भंगारात गेली. तिचा एकही फोटो नाही. लग्नात फोटोवाला आला होता, त्याने माणसांचे फोटो काढले.

तर ती फियाट करून बायकोच्या हातात द्यायची, ती असेपर्यंत, एवढंच सोमकुवरांच्या डोक्यात होतं. तयार किट मिळत नव्हता. मेघाने पुण्यातल्या एका माणसाकडून गाडीचं नुसतं कवच थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलं. बाकी सगळं यांनी हाताने केलं. सीटा, दारांची हँडलं, काचा फिरवायच्या दांड्या. क्रोमच्या पट्ट्या सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या. डिकी उघडायची, आणि आत जखमेच्या पट्टीचं कापड चहात बुडवून केलेलं बोटाच्या पेराएवढं पोतं, त्यात खरी लाल मिरची. सात महिने लागले. आतल्या खोलीत बाई झोपलेल्या आणि बाहेर पंप घरघरतोय. यमुना चिडायची. "ते तिच्याजवळ का बसत नाहीत?" मी तिला सांगायचो, ते तिच्याजवळच बसले आहेत. पण आता वाटतं, यमुनेचंही बरोबर होतं.

फियाट तयार झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघं तिथेच होतो. सोमकुवरांनी गाडी तळहातावर ठेवून आत नेली. प्रेमिलाबाईंना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी गाडी हातात घेतली, डिकी उघडली, पोतं पाहिलं आणि खोटं खोटं शिंकल्या. खोलीतल्या सगळ्यांचा जीव जरा हलका झाला. मग त्यांनी गाडी खिडकीकडे वळवली आणि म्हणाल्या,

"अवो, लय सुंदर झाली. पण रंग तो नाही."

"तोच होय."

"नाही जी. हा निळा आला. आपली गाडी पिस्ता होती. तुम्ही दारात नेऊन पाहा बरं."

"लॅकर कच्चं आहे. बाहेर नेलं तर धूळ बसन."

"गॅरेजात तर पत्रा उन्हात धरत होते. मंग हिलेच काहून नाही?"

सोमकुवरांनी माझ्याकडे पाहिलं. "अनंतराव, तुम्ही सांगा. हा रंग निळा आहे का पिस्ता?"

मला ती गाडी निळी दिसत होती. आकाशी म्हणा, फिरोजी म्हणा, पण कोणत्याही मास्तराने तिला निळीच म्हटलं असतं. आणि मी काय म्हणालो? "मला काय कळतं रंगातलं. तुम्ही दोघं जाणकार." असा मी शहाणा. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि वेळ आली तेव्हा हात झटकले.

सोमकुवरांचा आवाज चढला. सात महिन्यांची झोप त्यात होती, आणि जी गोष्ट त्यांना कोणाशी बोलता येत नव्हती तीही होती. "त्या औषधायनं तुही नजर गेली, प्रेमिला. तुले आता रंग दिसून नाही राहिले. म्या बनवला तो रंग, मले माहीत नाही का?"

प्रेमिलाबाईंनी गाडी त्यांच्या हातात परत दिली. तीस वर्षं लोकांच्या साड्या ज्या नजरेने जुळवल्या ती नजर गेली, हे त्यांना नवऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. यमुना मला घेऊन उठली.

दोन दिवसांनी प्रेमिलाबाईंनी सोमकुवरांना बोटभर लांबीची कापडाची एक पट्टी दिली. "हा रंग होता. गाडीजवळ धरून पाहा," एवढंच म्हणाल्या. त्यांनी ती खिशात घातली. ते मला पुढे कळलं, आणि पट्टी दिल्यावर अकरा दिवसांनी त्या गेल्या हे तर सगळ्यांनाच कळलं. तो दोन हजार तेवीसचा फेब्रुवारी महिना होता.

माणूस गेल्यावर घर रिकामं होतं म्हणतात. सोमकुवरांचं घर रिकामं झालं नाही, गाड्यांनी भरलं. मेघा महिनाभर राहून बंगळूरला गेली. तिने "बाबा, माझ्याकडे चला" असं दहा वेळा म्हटलं आणि यांनी "रंग वाळून राहिला" हे एकच कारण दहा वेळा दिलं. सकाळी पंप सुरू व्हायचा, दुपारी डबा यायचा, त्यातली अर्धी पोळी कुत्र्याला जायची. संध्याकाळी ते दारातल्या पायरीवर बसायचे. कोणी विचारलं, काय करून राहिले, तर "काही नाही, प्रायमर वाळून राहिला." मी जाऊन बसलो तर बोलायचे, पण गाडीबद्दलच. यमुनेने केलेली खीर घेऊन गेलो तर भांडं दुसऱ्या दिवशी घासून-पुसून परत यायचं, त्यात दोन संत्री. माणूस वाईट अजिबात नव्हता. त्याच्याजवळ बोलायला आता दुसरी भाषा उरली नव्हती.

फियाट काचेच्या पेटीत ठेवली होती. तिच्याकडे पाहून ते म्हणायचे, "पिस्ता. माह्या हातचा पहिला रंग." मी मान डोलवायचो. त्या काळात त्यांनी रंगवलेली पांढरी अँब्युलन्सही मला निळसर वाटत होती. पण फाटकाच्या डाव्या पल्ल्याने मला धडा शिकवलेला होता.

पावसाळ्यानंतर त्यांना दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला, सहा-सात वर्षांचा तरी असेल. आधी उजवा करू. मेघाला लगेच येणं जमेना, म्हणून दवाखान्यात मी बरोबर गेलो. दुसऱ्या दिवशी नर्सने पट्टी काढली. सोमकुवरांनी आधी तिच्या पांढऱ्या गणवेशाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग स्वतःच्या शर्टाकडे. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. असं बराच वेळ चाललं.

"काय झालं? दिसत नाही का?" मी घाबरून विचारलं.

"दिसून राहिलं ना," ते म्हणाले. "ह्या डोळ्यानं भिंत पांढरी आहे. अन् त्या डोळ्यानं चहासारखी." डॉक्टर म्हणाले की असंच होतं, मोतीबिंदू हळूहळू पिवळा पडत जातो आणि माणसाला पत्ता लागत नाही, सगळं जग पिवळ्या काचेतून दिसतं. ते अगदी सहज सांगत होते. ज्याने आयुष्यभर दोन-दोन थेंब पिवळा टाकून रंग मिळवले त्याला, आपल्या डोळ्यातच पिवळा होता, हे उलगडून सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर चप्पल न काढता ते काचेच्या पेटीसमोर उभे राहिले. डावा डोळा झाकला. मग म्हणाले, "निळी आहे." पेटीशी वाकून परत म्हणाले, "अनंतराव, ही तर निळी आहे." आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाले दिसत होती?"

या वेळी मी खोटं बोललो नाही. "हो," म्हणालो. "तेव्हाच दिसली होती."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते खुर्चीवर बसले आणि एवढंच बोलले, "तिले म्या म्हटलं, तुही नजर गेली."

त्या दिवसापासून त्यांनी प्रेमिलाबाईंनी दिलेली कापडाची पट्टी शोधायला घेतली. ती सापडली ती ब्रश पुसायच्या चिंध्यांच्या डब्यात. खिशातून टेबलावर, टेबलावरून डब्यात. तिच्यावर लाल, काळा, चंदेरी असे सगळे रंग पुसले गेले होते, थिनरने ती लाकडासारखी कडक झाली होती. मूळ रंग कुठे दिसेना. "डोळा खराब होता, मानलं," ते मला म्हणाले. "पण दोन रंग एकमेकाजवळ धरले असते तर खराब डोळ्यालेबी फरक दिसला असता, अनंतराव. म्या धरलंच नाही. ब्रश पुसला."

मग ते महालातल्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. मीही गेलो. नव्या मालकाने फिक्या हिरव्यात मोडणारे चौतीस फॉल काउंटरवर पसरले. सोमकुवरांनी एकेक उचलून फुटपाथवर नेला, प्रेमिलाबाई न्यायच्या तसा. तासभर ते उन्हात उभे होते. शेवटी परत येऊन सगळे फॉल घडी करून ठेवले. रस्त्यात म्हणाले, "कोणता होता, सांगता येऊन नाही राहिलं. सहा-सात वर्षं तो रंग म्या चुकीचाच आठवला. आता आठवतो तो गाडीचा रंग का माह्या मोतीबिंदूचा, समजत नाही. तिले माहीत होतं. आता कोणालेच माहीत नाही." भर गर्दीत, महालाच्या त्या रस्त्यावर ते रडले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो आणि लोक आमच्या बाजूने गाड्या काढत राहिले.

नंतर पंप बंद झाला. हे मला जास्त भयंकर वाटलं. घरघर नाही, दारात बसणं नाही. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली तर म्हणाले, "एक पुरे. पाहाचं काय आहे?"

फेब्रुवारीत प्रेमिलाबाईंचं पहिलं पुण्यस्मरण आलं. मेघाने फोनवर सांगितलं की आईची लग्नातली पांढरी साडी काढून ठेवा, ती मला हवी आहे. सोमकुवरांनी वर्षभर बायकोच्या लोखंडी पेटीला हात लावला नव्हता. त्यांनी यमुनेला बोलावलं. "ताई, तुम्ही काढा. मले घडी समजत नाही." मीही गेलो. यमुनेने साड्या एकेक बाहेर ठेवल्या आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली पांढरी साडी निघाली. तिने ती पलंगावर पसरली, काठ उलटा करून पाहिला आणि थांबली.

"अगंबाई. पांढऱ्या साडीला पिस्ता फॉल? असा कोण लावतं?"

सोमकुवर दारात उभे होते. ते आत आले. यमुनेने काठ वर धरला. साडीच्या आतल्या बाजूने, नेसल्यावर कोणालाही कधी दिसणार नाही अशा जागी, तो फिका पिस्ता रंग दोन हातांपेक्षा जास्त पसरला होता. पेटीत, अंधारात, घडीत. जराही उडाला नव्हता.

"म्या पाहिलं होतं तिले," सोमकुवर पुटपुटले. "नव्वद-एक्याण्णव असन. दुकानात लागली तेव्हाची गोष्ट. गॅरेजात तीच फियाट उभी होती, म्या तोच रंग पुन्हा मारलेली. ही जेवणाचा डबा घेऊन आली अन् गाडीजवळ उन्हात उभी राहिली, हातात फॉलचा गठ्ठा. म्या ओरडलो, इथं काय करून राहिली, गिऱ्हाईक आहे. काही नाही म्हणे."

यमुनेची बोटं फॉलवरून सरकत शेवटाला गेली. तिथे बोटभर जागा मोकळी होती. कात्रीने सरळ कापलेलं होतं, टाके उसवलेले, आणि कापलेल्या कडेचे धागे अजून ताजे. यमुनेला अर्थ लागला नाही. सोमकुवर बाहेर गेले आणि डब्यातली ती कडक पट्टी घेऊन आले. त्यांनी ती मोकळ्या जागेवर ठेवली. बरोबर बसली. तसल्या आजारात, उठवत नसताना, बाईने ही पेटी ओढून साडी काढली होती आणि लग्नाच्या साडीला कात्री लावली होती, या माणसाला एक रंग दाखवायला. यमुना तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

त्याच दुपारी पंप सुरू झाला. पण आधी जुना रंग काढायचा होता. रंग सोलायचं औषध वापरलं तर छापलेलं कवच बिघडेल, म्हणून त्यांनी पाण्याचा कागद घेऊन हातानेच घासायला घेतलं. काचा काढल्या, चंदेरी पट्ट्या काढल्या, पोतं बाजूला ठेवलं. निळं पाणी वाटीत जमायचं आणि ते मोरीत ओतून यायचे. मग पत्र्याच्या तुकड्यांवर रंग मिळवायला लागले. गॅरेजातल्यासारखंच, दोन थेंब टाकायचे आणि तुकडा घेऊन दारात. साडीचा काठ पायरीवर पसरलेला असायचा, खाली स्वच्छ चादर. अकरा तुकडे झाले. बारावा ठेवला आणि तो फॉलवर दिसेना, तेव्हा त्यांनी तो रंग गनमध्ये भरला.

पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी खुर्च्या घेऊन गेलो. मेघा आत ओळीने मेणबत्त्या मांडत होती. सोमकुवर पायरीवर बसले होते. मांडीवर साडी, हातात फियाट, अंगावर कोवळं ऊन. लॅकर अजून कच्चं होतं आणि रस्त्याची धूळ उडत होती. त्यांनी गाडी फॉलजवळ धरली होती. मला त्यांनी काही विचारलं नाही. बरोबरच केलं, त्या संध्याकाळी विचारलं तेव्हा मी कुठे खरं बोललो होतो?

दोन्ही रंग एक होते. भूगोलाच्या मास्तरालासुद्धा दिसत होतं.

त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. कोणीतरी "हो" म्हणावं म्हणून माणूस थांबतो तशी. मग त्यांनी साडीचा काठ उलटा केला, फॉलवरून अंगठा फिरवला, आणि रस्त्यावरून माणसं जात-येत असताना, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"प्रेमिला, तूच बरोबर होती वं."